कोची : जुन्या वखारींतील नवी कलासृष्टी

केरळमधील कोची हे पश्चिम किनाऱ्यावरील एक प्राचीन बंदर होय. इ.स. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने मुझिरिस हे पुरातन बंदर गाळाने निकामी झाले आणि दक्षिणेकडील कोचीचे मुख सागरी वाहतुकीस खुले झाले, असे मानले जाते. मिरी, आले आणि वेलदोडे यांच्या व्यापारासाठी येथे अरब, चिनी, ज्यू आणि युरोपीय व्यापारी आले. त्यांच्या खुणा फोर्ट कोची आणि मट्टांचेरी या दोन जुन्या वस्त्यांत आजही पाहावयास मिळतात.

इतिहासाचे थर

पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये येथे किल्ला बांधला. वास्को द गामाचे निधन १५२४ मध्ये कोचीतच झाले. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याचे दफनस्थान दाखविले जाते. अस्थी मात्र पुढे पोर्तुगालला नेण्यात आल्या. १६६३ मध्ये डचांनी आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी शहराचा ताबा घेतला. मट्टांचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजास भेट दिला. डचांनी त्याची दुरुस्ती केल्यामुळे तो 'डच पॅलेस' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या भिंतींवरील रामायणाची चित्रे केरळच्या भित्तिचित्रकलेचा उत्तम नमुना आहेत. जवळच १५६८ मध्ये उभारलेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या चित्रांकित फरश्या बसविलेल्या आहेत.

महाराष्ट्र आणि गोव्यातील वाचकांना आपलेपणा वाटावा अशीही एक खूण येथे आहे. डच गव्हर्नर व्हान रीड याच्या पुढाकाराने मलबारातील वनस्पतींवरील 'हॉर्तुस मलबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. त्या कामी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे साहाय्य झाले होते. १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे छापलेल्या पहिल्या खंडात या तिघांचे कोकणी भाषेतील प्रशस्तिपत्र नागरी लिपीत आहे.

वखारींना नवा उपयोग

व्यापाराचे स्वरूप पालटल्यावर किनाऱ्यावरील अनेक वखारी ओस पडल्या. १२ डिसेंबर २०१२ रोजी 'कोची-मुझिरिस बिएनाले' या कलाप्रदर्शनाचा प्रारंभ झाला आणि या वास्तूंना नवे प्रयोजन लाभले. मूळचे केरळचे, परंतु मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोन चित्रकार त्याचे प्रवर्तक होत. राज्य शासनानेही या उपक्रमास अर्थसाहाय्य दिले. मिरी आणि काथ्याचा व्यापार करणाऱ्या पेढीची जुनी जागा, 'ॲस्पिनवॉल हाऊस', हे प्रदर्शनाचे प्रमुख केंद्र ठरले. २०१४ च्या प्रदर्शनाची धुरा जितीश कलाट आणि २०१६ ची सुदर्शन शेट्टी या मुंबईच्या कलावंतांनी सांभाळली. देशातील कलाशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रदर्शनही २०१४ पासून भरविले जाऊ लागले. आपल्या कलाशिक्षकांनी याची विशेष नोंद घ्यावी.

या उपक्रमाचे वैशिष्ट्य असे की, त्यासाठी नवे भव्य सभागृह बांधावे लागले नाही. उपलब्ध वास्तूंचाच उपयोग करण्यात आला. सुतार, गवंडी, रिक्षाचालक आणि खानावळवाले यांनाही त्यामुळे काम मिळते.

अर्थात, या चित्राला दुसरी बाजूही आहे. पर्यटकांची वर्दळ वाढली की घरांच्या किमती आणि भाडी वाढतात व मूळ रहिवाशाला गाव सोडण्याची वेळ येते. किनाऱ्यावरील प्रसिद्ध चिनी जाळी छायाचित्रांचा विषय ठरली, तरी दगडांच्या प्रतिभाराने खाली-वर होणारे एक जाळे चालविण्यास अनेक माणसांचे हात लागतात आणि हाती येणारी मासळी घटत गेली आहे. केवळ दिखाव्यासाठी कोणतीही परंपरा फार काळ तग धरीत नाही. तिच्यावर कुणाचे तरी पोट चालावे लागते.

प्रवाशांसाठी

कोकण रेल्वेमार्गे एर्नाकुलमला पोहोचून तेथून फोर्ट कोचीस बोटीने जाणे सोयीचे. २०२४ पासून उच्च न्यायालयानजीकच्या धक्क्यावरून 'वॉटर मेट्रो'ची सेवाही सुरू झाली आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ भेटीस उत्तम. दोन्ही वस्त्या पायी हिंडूनच पाहाव्यात. ज्यू प्रार्थनामंदिर शनिवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे. संध्याकाळी कथकलीचा प्रयोग पाहावयाचा असल्यास थोडे आधी जावे, म्हणजे नटांची रंगभूषाही पाहता येते.

आपल्यासाठी बोध

ज्या डच कंपनीने कोचीत वखारी चालविल्या, तिचीच एक वखार सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ल्यासही होती. ती आज भग्नावस्थेत आहे. दशावताराची जिवंत परंपरा आणि गंजिफा रंगविणारे सावंतवाडीचे कारागीर ज्या परिसराला लाभले, तेथे अशा जागांचा विचार वेगळ्या दृष्टीने व्हावयास हवा. आपल्या गावातील जुन्या वास्तू कोणत्या, त्या कोणाच्या मालकीच्या आहेत आणि परिसरात कोणते कलावंत काम करीत आहेत, याची नोंद ग्रामपंचायत व शाळा यांनी मिळून केली, तर प्रारंभ होऊ शकेल. या कामास मोठ्या निधीची गरज नाही. वास्तू कोसळल्यानंतर मात्र कितीही निधी आला, तरी ती परत उभी राहत नाही.