पदावनती आणि क्लबचा ताळेबंद

साखळी स्पर्धेत तळाला राहिलेल्या संघाला पुढील हंगामात खालच्या श्रेणीत खेळावे लागते, यालाच पदावनती म्हणतात. ती झाली की प्रक्षेपण व प्रायोजकत्वाचे उत्पन्न आटते, पण खेळाडूंचे करार अनेकदा जुन्याच दराने चालू राहतात. ही तूट सोसता यावी म्हणून इंग्लंडची प्रीमियर लीग खाली उतरलेल्या क्लबांना काही काळ साहाय्यनिधी देते. भारतात असा आधार नव्हता: 2007 मध्ये स्थापन झालेला आणि कूपरेज मैदानाशी जोडला गेलेला मुंबई एफसी 2016-17 च्या आय-लीग या राष्ट्रीय साखळीत अखेरच्या स्थानी राहिला आणि नंतर बंदच पडला. अर्थात दोष एकट्या पदावनतीचा नाही, कारण 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेडही 2010 मध्ये मालक कंपनीच्या निर्णयाने विसर्जित झाला. एकाच उद्योगसमूहाच्या तिजोरीवर उभ्या असलेल्या क्लबला विजेतेपदही तारत नाही. गोव्यात तर मैदानावर न हरताही श्रेणी घसरण्याची वेळ आली: आय-लीगला इंडियन सुपर लीगच्या खालचे स्थान देणारा आराखडा भारताच्या फुटबॉल महासंघाने मांडताच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी 2016 मध्ये आय-लीगमधून माघार घेतली.