टॉरेन, नंदी आणि धर्मयोद्धा : खेळातल्या पुराणाला काय शोभते?

कपिलधार (जि. बीड) : बालाघाटच्या डोंगररांगेत, मांजरसुंब्यापासून जवळच असलेल्या कपिलधार येथे कार्तिकी पौर्णिमेला संत मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी मराठवाड्यातून आणि शेजारच्या राज्यांतूनही वीरशैव-लिंगायत समाजाच्या दिंड्या पायी येतात. अशाच एका दिंडीत चालून आलेले दोन चुलतभाऊ धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर सावलीत बसून तावातावाने भांडत होते. एक पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणारा, दुसरा लातूरला अभियांत्रिकी शिकणारा. भांडण जमिनीचे असावे असे प्रथम वाटले. प्रत्यक्षात वाद होता तो एका संगणकीय खेळातील बैलाचे मुख असलेल्या योद्ध्याचा. हा प्राणी ‘पॅलाडिन’ होऊ शकतो का? म्हणजे खेळ तसे होऊ देतोच. पण ते त्या खेळाच्या पुराणाला धरून आहे का?

शेजारी पाय चेपत बसलेले आजोबा बराच वेळ ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, “बैलाचं तोंड आहे म्हणता, आणि देवाच्या नावानं लढतो म्हणता. मग यात न पटण्यासारखं काय आहे रे? समाधीला आलात आणि नंदी दिसला नाही होय?”

दोघेही हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जगभरातील लाखो खेळाडू गेली कित्येक दशके याच प्रश्नावर वाद घालत आले आहेत, आणि त्याचा धागा आपल्या परिचयाच्या, बऱ्याच जुन्या आणि बऱ्याच दुखऱ्या जागी जाऊन पोहोचतो.

वंश आणि पेशा

अद्भुतरम्य खेळांत भाग घेणाऱ्याला सुरुवातीलाच दोन निवडी कराव्या लागतात. पहिली ‘रेस’, म्हणजे जन्माने मिळणारा वंश : मानव, एल्फ, बुटके ड्वार्फ, ऑर्क वगैरे. दुसरी ‘क्लास’, म्हणजे शिकून मिळवलेला पेशा : योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर इत्यादी. या दोहोंची सांगड कशी घालायची, हा नियमांचा भाग असतो. त्या जगाचा इतिहास, देवदेवता, युद्धे आणि दंतकथा यांना खेळाडू ‘लोर’ म्हणतात. आपण त्याला खेळाचे पुराण म्हणू. नियमाने दिलेली मुभा पुराणाला मानवते का, यावर सारी वादावादी चालते.

या पद्धतीचा उगम १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात आहे. फासे, कागद आणि पेन्सिल एवढ्याच साहित्यावर खेळल्या जाणाऱ्या या खेळात आरंभी ड्वार्फला केवळ योद्धाच होता येत असे. १९७८ च्या सुधारित नियमपुस्तकात पेशे वाढले. पण पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ धर्मयोद्धा, होण्याचा अधिकार फक्त मानवांना राहिला. मानवेतर वंशांना अनेक पेशांत ठरावीक पायरीच्या पुढे जाण्यासच मनाई होती. १९८१ च्या एका सोप्या आवृत्तीत तर ‘ड्वार्फ’ आणि ‘एल्फ’ हेच स्वतंत्र पेशे ठरले. जन्म हाच व्यवसाय! यावर वेगळे भाष्य करण्याची मराठी वाचकाला गरज पडू नये.

पुढे २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही बंधने काढून टाकली. कोणीही काहीही व्हावे. २०२४ च्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्दच जाऊन त्या जागी ‘स्पीशीज’, म्हणजे जीवजाती, हा शब्द आला.

सूर्याचा डोळा

चुलतभावांच्या वादाचा विषय असलेला खेळ म्हणजे ब्लिझार्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. नोव्हेंबर २००४ मध्ये तो बाजारात आला तेव्हा त्यातील ‘टॉरेन’ या वृषभमुखी वंशाला चारच पेशे खुले होते : योद्धा, शिकारी, पंचमहाभूतांशी आणि पूर्वजांशी बोलणारा शमन, आणि निसर्गाशी एकरूप होणारा द्रुइड. पॅलाडिन हा पेशा प्रतिपक्षाकडे होता. खेळाच्या पुराणानुसार ऑर्कांच्या आक्रमणानंतर मानवांच्या धर्मपीठाने ‘सिल्व्हर हँड’ नावाचा धर्मयोद्ध्यांचा संघ स्थापन केला. ‘पवित्र प्रकाश’ हे त्याचे दैवत. गवताळ माळरानावर राहणाऱ्या, ‘धरणीमाते’ची पूजा करणाऱ्या टॉरेनांचा या धर्मपीठाशी काडीचाही संबंध नव्हता.

डिसेंबर २०१० मधील ‘कॅटॅक्लिझम’ या विस्तारित आवृत्तीत हे दार उघडले आणि टॉरेन पॅलाडिन झाले. कारण असे देण्यात आले : टॉरेनांच्या श्रद्धेनुसार सूर्य आणि चंद्र हे धरणीमातेचे दोन डोळे. द्रुइडांनी आजवर चंद्राची उपासना केली, सूर्याकडे मात्र दुर्लक्ष झाले. अपोनी ब्राइटमेन ही टॉरेन स्त्री आणि टाहू सेजविंड हा द्रुइड यांच्या संवादातून ही उणीव पुढे येते आणि सूर्याच्या तेजातून बळ मिळवणारे ‘सनवॉकर’ जन्माला येतात.

लातूरच्या धाकट्याचे म्हणणे होते की ही शुद्ध पळवाट आहे. दोन्ही पक्षांना समान पेशे देण्याची व्यापारी गरज आधी निर्माण झाली आणि सूर्याचा डोळा मागाहून सुचला. पुण्याच्या थोरल्याचे म्हणणे, सुचला तो केव्हाही सुचला असेना, बसतो की नाही ते पाहा.

प्रस्तुत प्रतिनिधीला दोघांचेही थोडे थोडे पटले. सूर्यपूजक टॉरेन आणि मानवी धर्मपीठाचा सेवक यांची शस्त्रे एक, मंत्रसामर्थ्य एक. परंतु दोघांची शास्त्रे वेगळी आहेत. नाव उसने घेतले असले तरी श्रद्धा टॉरेनांची स्वतःचीच आहे, तेव्हा ही जोडी पुराणाला सोडून नाही. उणीव आहे ती दुसरीकडे. या धर्मांतराएवढ्या मोठ्या घटनेत कोणाला काही सोसावे लागत नाही. जुने द्रुइड रुसत नाहीत, घरे फुटत नाहीत. दोन शहाणी माणसे बोलतात आणि नवा संप्रदाय उभा राहतो.

त्या तुलनेत त्याच खेळातील ‘ब्लड एल्फ’ या वंशाचे उदाहरण पाहावे. जानेवारी २००७ च्या आवृत्तीत त्यांना पॅलाडिन केले गेले तेव्हा निष्ठावंत खेळाडूंच्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्यांचा प्रकाशावरचा विश्वास उडाला, ज्यांचे राज्य बेचिराख झाले, ते धर्मयोद्धे कसे? उत्तर असे होते की त्यांनी म’उरू नावाच्या तेजोमय जीवाला बंदिवान केले आणि त्याच्याकडून ती शक्ती ओरबाडून घेतली. म्हणजे ही भक्ती नव्हे, चोरी! पुढे २००८ मध्ये कथा वळली. त्याच जीवाच्या अवशेषातून त्यांचा विटाळलेला पवित्र झरा पुन्हा उजळला आणि त्यांच्या सेनानी लेडी लियाड्रिनला आपल्या राजपुत्राची साथ सोडावी लागली. जोडी अधिक विजोड होती, म्हणूनच कथा अधिक कसदार झाली.

चरूची अदलाबदल

आपल्या महाकाव्यांत हा प्रश्न किती काळजीपूर्वक हाताळला आहे, ते या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. परशुराम ब्राह्मण असून क्षत्रियांचा संहार करतो. विश्वामित्र राजकुळात जन्मून ब्रह्मर्षी होतो. दोन्ही जोड्या त्या पुराणाच्या नियमात न बसणाऱ्या. त्यांची संगती लावण्यासाठी महाभारतात चरूच्या अदलाबदलीची कथा येते. ऋचीकाची पत्नी सत्यवती आणि तिची आई यांना पुत्रप्राप्तीसाठी वेगवेगळे चरू दिले गेले. एकीला ब्रह्मतेजाचा, दुसरीला क्षात्रतेजाचा. त्यांची अदलाबदल झाली. आईच्या पोटी विश्वामित्र आला. सत्यवतीने विनवणी करून आपल्या वाट्याचे क्षात्रतेज मुलावरून नातवावर ढकलले. तो नातू परशुराम. आजच्या खेळाडूंच्या भाषेत सांगायचे तर नियमबाह्य जोडीला मागाहून दिलेले हे स्पष्टीकरणच. पण त्यात दोन स्त्रियांचा मोह आहे, एका आईची भीती आहे, आणि त्याचे परिणाम दोन पिढ्या पुरले आहेत.

द्रोणाचार्यांचेही तसेच. ब्राह्मणाने धनुष्य का उचलले? तर घरात दूध नव्हते, लेकराला पिठाचे पाणी दूध म्हणून पाजले जात होते आणि बालमित्र असलेल्या राजाने दारातून परत पाठवले होते. एवढे सांगूनही महाभारत त्यांना सुखासुखी सोडत नाही. अखेरच्या दिवशी रणांगणावर ऋषी प्रकट होतात आणि हे कर्म तुला शोभत नाही, असे त्यांना ऐकवतात. कर्णाला परशुरामाकडून विद्या मिळते ती खोट्या जन्माच्या आधारे, आणि शापासह. एकलव्याच्या बाबतीत तर निषादाचा मुलगा धनुर्धर होऊ शकत नाही, असे कथा म्हणतच नाही. तो झालेला असतो. त्याला तसे राहू दिले जात नाही, आणि त्याचा पुरावा म्हणून एक अंगठा मागितला जातो.

‘हे पुराणाला धरून नाही’ असे कोणी म्हणू लागला की त्याला दोन अर्थ असू शकतात, हे एकलव्यापाशी लख्ख दिसते. एक, कथेत याचे कारण सापडत नाही. दुसरा, याने आपल्या जागी राहावे. खेळात पहिला अर्थ अभिप्रेत असतो असे मानायला हरकत नाही. तरी ड्वार्फ जादूगार दिसताच ज्यांचा संताप अनावर होतो, त्यांना कधी तरी दुसऱ्या अर्थाबद्दलही विचारावे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये आणलेला ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ इथे आठवतो. कसरतीचे खेळ करून पोट भरणाऱ्या अनाथ मुलीच्या हाती त्यात दुर्गेचा त्रिशूळ येतो. हरवलेल्या धाकट्या भावाचा शोध हे तिचे कारण. तिच्या कुळाची चौकशी करावी असे खेळताना मनात येत नाही. उंच भिंती आणि खांब ती ज्या सफाईने चढते, ती तिच्या पोटाच्या विद्येतूनच आलेली आहे.

कल्याणची गोष्ट

आजोबांच्या नंदीकडे परत येऊ. त्यांचा युक्तिवाद खेळाच्या पुराणाला लागू होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टॉरेनांचे तंबू, कोरीव स्तंभ आणि चालीरीती उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींवरून घेतलेल्या आहेत. शिवाच्या गणांशी त्यांचे नाते नाही. परंतु ज्या परंपरेतून आजोबा बोलत होते तिच्यात वृषभ आणि धर्मकार्य यांची सांगड फार जुनी आहे. ‘बसव’ हा शब्दच ‘वृषभ’ या शब्दाचे कन्नड रूप. बसवेश्वरांना भाविक नंदीचा अवतार मानतात.

बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणमध्ये, बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांची नावे पाहिली तर तिथे वंश आणि पेशा यांचा हिशेबच उलटा मांडलेला दिसतो. अंबिगर चौडय्या नावाडी, मडिवाळ माचय्या धोबी, नुलिय चंदय्या दोरखंड वळणारा. धंदा नावातच आहे, लपवलेला नाही. आणि इष्टलिंग प्रत्येकाच्या गळ्यात आहे, स्त्रियांच्याही. शरण होण्याला जन्माची अट नव्हती. या मांडणीची किंमत मात्र मोजावी लागली. चर्मकार समाजातील हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण कुळातील मधुवरसाची मुलगी यांचा विवाह झाला तेव्हा दोन्ही पित्यांना देहांताची शिक्षा झाली, असे परंपरा सांगते. कल्याण उद्ध्वस्त झाले आणि शरण पांगले.

मन्मथस्वामी त्यानंतरचे, सोळाव्या शतकातले. वीरशैव विचार त्यांनी मराठीत आणला. त्यांचा ‘परमरहस्य’ हा ग्रंथ आजही घरोघरी वाचला जातो. समाधीच्या वाटेवर दिंड्यांचा शिवनामाचा गजर सुरू असताना धाकट्याने आजोबांना एक प्रश्न विचारला, जो खेळाविषयीचा नव्हता.

‘जंगम’ हा शब्द मुळात फिरत्या विरक्ताचा. घरदार सोडून गावोगाव हिंडणारा आणि धर्म सांगणारा तो जंगम. गुरू, लिंग आणि जंगम ही तिन्ही अष्टावरणांतील मानाची स्थाने. कालांतराने ती वृत्ती वंशपरंपरेने चालू लागली आणि जंगम ही एक जातच झाली. खेळाडूंच्या शब्दांत, क्लासची रेस झाली.

“आजोबा, आपल्या घरातल्या कुणी जंगम व्हायचं म्हटलं असतं तर चाललं असतं का?” धाकट्याने विचारले.

आजोबांनी उपरण्याने कपाळ पुसले. भस्माचे पट्टे थोडे फिसकटले.

“तसं कुणी म्हटलंच नाही कधी,” ते म्हणाले.

थोरल्याने काही बोलण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात खालून पालखी निघाल्याची हाक आली. आजोबांना आधार देऊन दोघांनी उठवले आणि तिघेही पायऱ्या उतरू लागले.