तडजोड एकाची, किंमत साऱ्या वस्तीची

साक्षीची तारीख असते. पुकारा व्हायचा असतो. इतक्यात फिर्यादी कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्याजवळ येतो, नजर चुकवतो आणि हळूच म्हणतो, 'साहेब, मिटवून टाकलंय.' गावातली चार वजनदार माणसे मध्ये पडलेली असतात. काही हजार रुपये हातावर आलेले असतात, पुढच्या हंगामात मजुरीला बोलावण्याचा शब्द मिळालेला असतो. मग हाच माणूस पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, 'मला जातीवरून कोणी बोलले नाही. पोलिसांनी काय लिहून घेतले ते मला ठाऊक नाही.' सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतात. अर्ध्या तासात ॲट्रॉसिटीच्या खटल्याचा जीव जातो.

आणि संध्याकाळी वस्तीत एकच वाक्य ऐकू येते, 'आपल्या नशिबातच न्याय नाही.'

बांधवांनो, हे नशीब कोठून आले? १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या पापपुण्यावर आजची गरिबी लादणारा सिद्धांत नाकारला. कम्माचा अर्थ त्यांनी याच जगातल्या नैतिक व्यवस्थेशी जोडला. आपण आज जे करतो, त्याचे फळ उद्या आपल्या आणि आपल्या माणसांच्या पदरात पडते. मग पिंजऱ्यातले ते अर्धा तासाचे मौन हेही कम्मच नव्हे काय?

येथे आमचाही एक दोष आम्ही कबूल करतो. सनद नवी होती. एका कुटुंबाची तडजोड चालली आहे, हे आम्हांला कळले होते. 'गरीब माणूस आहे, चार पैसे मिळताहेत तर मिळू देत,' असे म्हणून आम्ही गप्प बसलो. आरोपी निर्दोष सुटले. तीन वर्षांनी त्याच वस्तीतल्या एका बाईला नळावर मारहाण झाली. ती तक्रार द्यायला गेली, तर तिला ऐकावे लागले, 'मागच्या वेळी तुमचीच माणसे फिरली, आता पुन्हा कशाला आलात?' जामिनाच्या वेळी समोरच्या वकिलाने तो जुना निकालच कोर्टापुढे ठेवला आणि या वस्तीला खोट्या केसेस करण्याची सवय आहे, असे ठासून सांगितले. त्या बाईने आम्हांला विचारले, 'वकीलसाहेब, तेव्हाही तुम्हीच होतात ना?' आमच्याजवळ उत्तर नव्हते. पैसे एका घराने घेतले, त्याची परतफेड दुसऱ्या घराने केली.

जवळचा रस्ता बाबासाहेबांपुढेही होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हायचा होता. सवर्णांनी १२ डिसेंबरला दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला हजारो लोक जमले होते, तळ्यावर जायला उतावीळ होते. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि कोर्टाची वाट धरली. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ साली लागला, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी. अस्पृश्यांना मज्जाव करणारी पुरातन वहिवाट सवर्णांना सिद्ध करता आली नाही. नऊ वर्षे तीन महिने लागले. परंतु ज्या पाण्यासाठी लढा झाला, त्यावरचा हक्क कोणाच्या मेहेरबानीवर उरला नाही. तडजोडीने मिळालेले पाणी गावाने दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद केले असते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, हा कायदा नीट समजून घ्या. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे गुन्हे फिर्यादीने आपल्या मर्जीने मिटवण्याजोगे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये काही प्रकरणांत तडजोडीवरून खटला रद्द करण्याची वाट मान्य केली. परंतु ती उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची वाट आहे, आणि पीडितावर दडपण नाही ना, हे तपासूनच ती उघडते. गावच्या पारावर जे 'मिटते', ते प्रत्यक्षात खोट्या साक्षीनेच मिटते. आधी दंडाधिकाऱ्यापुढे शपथेवर एक सांगितले आणि नंतर पिंजऱ्यात त्याच्या उलट सांगितले, तर खोट्या साक्षीचा बडगा फिर्यादीवरच येऊ शकतो. आरोपी घरी आणि फिर्यादी अडचणीत, असा हा व्यवहार आहे.

आता कोणी म्हणेल, 'वकीलसाहेब, तुम्ही शहरात राहता. आम्हांला त्यांच्याच बांधावरून जावे लागते.' हे खरे आहे. ज्याची चूल दुसऱ्याच्या शेतावर पेटते, त्याला धैर्याचे प्रवचन देण्याचा अधिकार आम्हांला नाही. दोन महिन्यांत शक्यतो खटला निकाली काढावा असे कायदा सांगतो आणि तारखा वर्षानुवर्षे पडत राहतात, यात फिर्यादीचा काय दोष? परंतु आधारही कायद्यातच आहे. २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ प्रमाणे पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण मागता येते, जामिनाच्या अर्जाची सूचना मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. साक्षीला येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मागता येते. २०१६ च्या नियमांनी शासकीय साहाय्य गुन्ह्यानुसार ८५ हजार ते सव्वाआठ लाख रुपये इतके ठरवले. ते टप्प्याटप्प्याने मिळते आणि बहुतेक गुन्ह्यांत अखेरचा हप्ता शिक्षा झाल्यावरच मिळतो. फितूर होणारा हा हप्तासुद्धा घालवून बसतो.

आणि चळवळीतल्या काही मंडळींचे काय? सकाळी मोर्चाच्या अग्रभागी घोषणा द्यायच्या आणि रात्री दोन्ही बाजूंत बसून तडजोडीचा आकडा ठरवायचा, हा धंदा आपल्यातही आहे. घाबरलेला फिर्यादी समजू शकतो. पण त्याच्या भीतीवर कमिशन खाणाऱ्याला निळा झेंडा हातात धरण्याचा काय अधिकार?

उपाय साधा आहे. फिर्यादीला एकटे सोडू नका. तारखेला वस्तीतले दहा जण त्याच्याबरोबर कोर्टात या. त्याची मजुरी बुडाली तर विहारातल्या वर्गणीतून ती भरून काढा. संरक्षणाचा अर्ज आम्ही वकिलांनी फी न घेता लिहून द्यावा. व्हरांड्यात 'मिटवलंय' म्हणणाऱ्या माणसाच्या मागे कोणी उभे नसते, म्हणून तो मिटवतो. त्या दिवशी आम्हीही त्याच्या मागे उभे नव्हतो.

जयभीम!