मागच्या चाकांतली घरघर

गाडीच्या मागच्या बाजूने काहीतरी घासल्यासारखा आवाज येऊ लागला की बहुतेकांचे लक्ष आवाजाच्या जातीकडे जाते. करकर आहे की खरखर, बारीक आहे की दणदणीत, हेच गॅरेजमध्ये सांगितले जाते. निदानाला त्याचा उपयोग बेताचाच असतो. पत्र्याच्या सांगाड्यातून आवाज दूरवर वाहतो, त्यामुळे उजव्या चाकातली खरखर डावीकडून आल्याचा भासही सहज होतो. खरा धागा मिळतो तो आवाज केव्हा सुरू होतो आणि केव्हा थांबतो यातून.

त्याआधी गाडीच्या मागच्या भागात काय काय फिरते हे माहीत असावे. वॅगन आर, स्विफ्ट, आय टेन यांसारख्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. मागची चाके नुसती ओढली जातात. तिथे फिरणारे भाग म्हणजे टायर, ड्रम किंवा डिस्क आणि बेअरिंग, एवढेच. बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा यांसारख्या गाड्यांत मात्र मागची चाके गाडी ढकलतात, म्हणून ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि ती दोन्ही चाकांत वाटणारे डिफरन्शियलही संशयितांत येतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या मालकाने ‘मागचा गिअर गेला’ अशी धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण तिथे गिअरच नसतो.

सुरुवात डिकीपासून करावी. सैल जॅक, पाना, नीट न आवळलेली स्टेपनी यांनी भल्याभल्यांना फसवले आहे. त्यानंतर खाली वाकून सायलेन्सरभोवतीचा पातळ पत्रा गंजून लोंबतो आहे का ते पाहावे. मागे डिस्क ब्रेक असतील तर डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात कधी एखादी खडी अडकते. मग अचानक कानठळ्या बसवणारी किरकिर सुरू होते आणि खडी निघून गेली की तितक्याच अचानक थांबते.

हे निस्तरल्यावर रस्त्यावरची परीक्षा. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगात गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी, मात्र इंजिन बंद करू नये, कारण ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत त्यावरच असते. इंजिनाचे फेरे उतरूनही आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबरच कमी होत गेला, तर तो चाकांशी बांधलेला आहे. आता ब्रेक हलकेच दाबावा. आवाज ब्रेकबरोबर उठत असेल तर ब्रेकचे लायनर, ब्रेकशिवायही येत असेल तर बेअरिंग किंवा टायर, अशी ढोबळ विभागणी इथेच होते.

ब्रेकचा आवाज सर्वांत आधी मनावर घ्यावा. भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात आणि त्यांवर घर्षणाचे लायनर चिकटवलेले किंवा रिव्हेटने ठोकलेले असतात. ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते, त्यामुळे मागच्या लायनरना काम कमी पडते आणि ते पुढच्या पॅडपेक्षा बराच काळ टिकतात. नेमके म्हणूनच ते विसरले जातात. पुढच्या पॅडवर पुष्कळदा पत्र्याची छोटी पट्टी असते. पॅड झिजत आले की ती डिस्कला घासून चिरकते आणि चालकाला आगाऊ सूचना मिळते. ड्रममध्ये बहुधा अशी सोय नसते. लायनर संपून शूचे लोखंड थेट ड्रमला लागले की मगच खरवड ऐकू येते, आणि तोवर ड्रमवर चरे पडू लागलेले असतात. अशा गाडीने आठवडाभर ऑफिस गाठत राहणे म्हणजे लायनरच्या किरकोळ खर्चात ड्रमचाही खर्च मिळवणे. थांबायला लागणारे अंतर वाढते ते वेगळेच.

ब्रेकमधली प्रत्येक खरखर मात्र झीज नसते. पावसाळ्यात, त्यातही कोकणच्या खाऱ्या हवेत, दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी हलवली की ड्रमवरचा गंज खरवडला जातो. पाच-सहा वेळा ब्रेक लावल्यावर हा आवाज गेला तर विषय संपला. ओल्या गाडीचा हॅन्डब्रेक लावून ती बरेच दिवस उभी ठेवली तर लायनर ड्रमला चिकटूनही बसतात. सपाट जागी जास्त दिवस उभ्या करायच्या गाडीला गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावणे त्यापेक्षा बरे. हॅन्डब्रेकची केबल अडकून लायनर अर्धवट टेकलेले राहिले तर ब्रेक न लावताही घासल्याचा आवाज येतो आणि ते चाक तापते. चार-पाच किलोमीटर चालवून थांबल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ तळहात नेऊन पाहावा. हात लावू नये, चटका बसतो. एका बाजूची धग स्पष्ट जास्त असेल तर दोष त्या बाजूला आहे.

बेअरिंगचा आवाज ब्रेकशी बांधलेला नसतो. तो हळूहळू वाढतो. आधी नुसती घूं घूं, पुढे दळत्या जात्यासारखी घरघर. वेग वाढला की वाढतो आणि वळणावर बदलतो. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यावा, उलट झाल्यास उजव्यावर. हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो, प्रत्येक वेळी नाही.

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण लाटांसारखा उंचसखल झिजलेला टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो. बेअरिंग बदलून आवाज तसाच राहिल्याच्या तक्रारी बऱ्याचदा यातूनच येतात. टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवला की चढउतार जाणवतात. शिवाय टायरचा आवाज रस्त्यागणिक बदलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर घुमणारी गाडी डांबरावर येताच शांत होत असेल, तर बेअरिंगला हात लावू नये. पक्की खात्री करायची तर मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे टाकावेत. आवाजही पुढे गेला तर दोष टायरचाच. मात्र टायर असे का झिजले हे पाहिले नाही, तर नवेही तसेच झिजतील. कमजोर शॉक ॲब्सॉर्बर हे त्याचे नेहमीचे कारण.

चाक उचलून पाहिले की शंका बहुधा मिटते. सपाट, टणक जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून हॅन्डब्रेक सोडावा आणि एक मागचे चाक जॅकवर घ्यावे. मागची चाके चालवणारी गाडी असेल तर ती न्यूट्रलमध्ये हवी, नाहीतर चाक फिरणार नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. चाक हाताने फिरवताना दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवला, तर खराब बेअरिंगची खरखर कानाआधी बोटांना कळते. मग चाक वर आणि खाली धरून हलवावे. ते डळमळत असेल, तर गाडी चालवत न नेता उचलून गॅरेजमध्ये न्यावी.

बोलेरोसारख्या गाड्यांत याच्या जोडीला डिफरन्शियल तपासावे लागते. त्याची खूण अशी की ॲक्सिलरेटर देताना आणि सोडताना आवाजाची पट्टी बदलते. बेअरिंगला इंजिनाच्या जोराशी देणेघेणे नसते, डिफरन्शियलमधल्या क्राउन आणि पिनियन या गिअरच्या दात्यांना असते. फक्त वळणावरच कडकड होत असेल तर डिफरन्शियलमधले छोटे गिअर पाहावेत, कारण दोन चाकांचे फेरे वेगळे पडले तरच ते आपापसांत फिरतात. गाडी उचल घेताना ‘टक्’ आवाज येत असेल तर प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस ढिला झालेला असू शकतो. डिफरन्शियल उघडण्याआधी त्यातले ऑइल पाहावे. सील गळून पातळी खाली गेलेली असते, किंवा पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत हवा जाण्याच्या नळीतून पाणी शिरून ऑइल दुधाळ झालेले असते. असे ऑइल ताबडतोब बदलले तर दाते वाचू शकतात. ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा दिसला तर मात्र हाउसिंग खोलावेच लागते, आणि क्राउन व पिनियन बदलायचे झाल्यास ते जोडीनेच बदलावे लागतात.