आमच्या टीव्हीच्या वायरी



गुरुजी म्हणाले, या वेळच्या भित्तिपत्रिकेत प्रत्येकाने स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची माहिती लिहावी. कोणी गुऱ्हाळ घेतले, कोणी विहीर घेतली. मी टीव्हीच्या वायरी घेतल्या. कारण २०२५ सालच्या आषाढीला या वायरींनी आमच्या घरात फार घोळ घातला होता.

आमची आजी पूर्वी पायी वारीला जायची. आता तिचे गुडघे दुखतात. म्हणून एकादशीला पहाटे पंढरपूरची महापूजा ती टीव्हीवर बघते. ६ जुलैला एकादशी होती. त्याच्या आठ दिवस आधी वाऱ्याने पत्रा हलला आणि छत्रीची वायर मधोमध तुटली. त्यात आमचा जुना डबा टीव्ही आधीच बंद पडला होता. आत्याने तिचा वापरलेला चपटा टीव्ही दिला, पण त्याच्याबरोबर वायर एकही आली नाही. आजी म्हणाली, "आता कसली पूजा दिसतीया मला." ती बोलली हळूच, पण आम्ही सगळ्यांनी ऐकले.

आप्पा तालुक्याला गेले. दुकानदाराने विचारले, कोणती वायर? आप्पा म्हणाले, टीव्हीची. त्याने सोनेरी टोकाची महागातली वायर दिली. तिला एचडीएमआय म्हणतात. घरी आणून बघतो तर टीव्हीला तिचे भोक होते आणि बॉक्सला नव्हतेच. आमचा बॉक्स जुना आहे. चौदा किलोमीटर जाणे आणि चौदा येणे फुकट गेले. म्हणून दुकानात जायच्या आधी टीव्हीची पाठ बघावी आणि बॉक्सचीही पाठ बघावी. दोघांना जे भोक सारखे असेल त्याचीच वायर आणावी. आम्ही दुसऱ्या खेपेला दोन्ही पाठींचे मोबाईलवर फोटो काढून नेले.

एचडीएमआयच्या एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. चित्र जास्त स्वच्छ दिसते. तिचे टोक एकाच बाजूने बसते, उलटे धरून दाबले तर आतल्या बारीक पट्ट्या वाकतात. ज्यांच्या बॉक्सला हे भोक आहे त्यांनी हीच घ्यावी. पण बॉक्स टीव्हीजवळच असेल तर महागाची घेण्यात अर्थ नाही, साधी चांगली वायरही तेच चित्र देते. सोनेरी टोकाने चित्र सोन्याचे होत नाही!

जुन्या बॉक्सला तीन रंगांची वायर लागते. पिवळ्यातून चित्र जाते. पांढऱ्यातून डाव्या बाजूचा आवाज जातो आणि लालमधून उजव्या बाजूचा. हे तर बालवाडीतले पोरही लावील असे मला वाटले. मीच लावायला घेतली. टीव्हीला पिवळे भोक सापडेना, हिरवे होते. त्याच्याभोवती अर्धी पिवळी रेघ होती, म्हणून पिवळी पिन तिथे घातली. ते बरोबरच होते. पण रिमोटचे सोर्सचे बटण दाबून मी 'एव्ही' निवडायच्या ऐवजी 'कंपोनंट' निवडले. त्या दिवशी शेजारच्या नानांचा बॉक्स आणून लावून बघत होतो. चित्र आले, पण काळेपांढरे! आजी म्हणाली, "आगं, ह्यो तर आमच्या येळचा टीव्ही झाला." मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी टीव्ही सुरू झाला तेव्हा तो काळापांढराच होता. आपल्याकडे रंगीत टीव्ही १९८२ साली आला. मी 'एव्ही' निवडले आणि रंग आले. म्हणजे वायर बरोबर असली तरी टीव्हीला ती कुठे लावली ते सांगावे लागते. नाहीतर तो 'नो सिग्नल' म्हणत बसतो आणि आपण उगाच पिना उपसतो.

आता मोठी गोष्ट म्हणजे छत्रीची वायर. आप्पांनी तुटलेली वायर लाइटच्या वायरीसारखी सोलली, पिळ दिला आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. टीव्हीवर नुसते चौकोन दिसू लागले, मग तेही गेले. शेवटी डिशवाले मामा आले. त्यांनी तुकडा कापून मला दाखवला. मधोमध एक ताठ तार, तिच्याभोवती पांढरा फेस, त्यावर चांदीसारखा कागद, त्यावर तारांची जाळी आणि सगळ्यात वर काळे साल. वायरीवर आरजी-६ आणि ७५ ओम असे छापलेले असते. ओम म्हणजे काय ते गुरुजी म्हणाले मोठ्या वर्गात कळेल.

आमची छत्री दूरदर्शनच्या फ्री डिशची आहे. तिला महिन्याला पैसे लागत नाहीत. ही सेवा २००४ साली सुरू झाली. जीसॅट-१५ नावाचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे, म्हणून आमच्याकडे छत्रीचे तोंड आग्नेयेला असते. एवढ्या लांबून येणारे चित्र फार अशक्त असते. छत्री ते गोळा करते. छत्रीपुढच्या दांड्यावर एलएनबी नावाचे यंत्र असते, ते त्याला बळ देते. त्या यंत्राला लागणारी वीज बॉक्समधून त्याच वायरीने वर जाते. म्हणजे चित्र खाली येते आणि वीज वर जाते, वायर एकच. आप्पांच्या जोडात जाळीची एक बारीक तार मधल्या तारेला टेकली होती, म्हणून वीज वर पोहोचतच नव्हती. ती टेकली नसती तरी तशा पिळातून चित्र गळते आणि पावसाचे पाणी आत शिरते. छत्तीस हजार किलोमीटर आलेले चित्र आमच्या चिकटपट्टीत अडकले.

मामांनी सलग नवी वायर टाकली. ती मी दोरीने मोजली होती. तेरा मीटर भरली, आम्ही पंधरा आणली. मधे जोड नको म्हणून जास्तीची घ्यावी. टोकाला फिरवून बसवायचा कनेक्टर लावताना जाळी मागे दुमडतात आणि मधली तार थोडी पुढे ठेवतात. बॉक्सचा प्लग आधी काढून ठेवला होता. खिडकीतून आत घ्यायच्या आधी मामांनी वायरीला खाली झोळ दिला. पाणी वायरीवरून घसरत येते आणि झोळापाशी ठिबकते, घरात येत नाही. मला हे सगळ्यात आवडले. पत्र्यावर मामाच चढले, मी खालून दोरी धरली. वीज कडाडायला लागायच्या आधीच टीव्हीचा प्लग आणि छत्रीची वायर दोन्ही काढायला त्यांनी सांगितले आहे.

एकादशीला आम्ही पहाटे उठलो. सह्याद्री वाहिनी लावली. आजी हात जोडून बसली आणि मी रिमोट धरून बसले. पूजा चालू असताना जोराची सर आली आणि पुन्हा चौकोन दिसू लागले. माझ्या पोटात गोळा आला. आप्पा वायरीकडे धावले. पण मामांनी सांगून ठेवले होते की दाट पावसात चित्र वाटेतच अडते, त्याला वायर काही करू शकत नाही. मी तसे सांगितले. आजी म्हणाली, "बसा गप. सर जाऊ द्या." पाचएक मिनिटांनी सर गेली आणि विठ्ठल दिसला.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी