विकर, वृक्क आणि खोकल्याचे औषध

सन २०२५ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून, विशेषतः परासिया परिसरातून, अनेक लहान बालके उपचारार्थ नागपुरास आणली गेली. आजाराचा आरंभ साधा होता : ताप, सर्दी, खोकला. पुढे ओकाऱ्या सुरू झाल्या, मूत्रप्रवृत्ती कमी होत होत थांबली आणि रक्तातील क्रिएटिनिन चढत गेले. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी कित्येकांचा अंत आपल्याच शहरातील रुग्णालयांत झाला. आरंभी संशय जंतुसंसर्गाचा होता. वृक्काच्या ऊतीचे परीक्षण झाले, नलिकांची हानी दिसली आणि लक्ष औषधाकडे वळले. 'कोल्ड्रिफ' नामक सिरपच्या तामिळनाडूत तपासलेल्या नमुन्यात डायइथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघाले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे.

हे द्रव्य गोडसर, दाट व स्वस्त असून दिसण्यात ग्लिसरीनसारखेच असते. परंतु ते वृक्काचा घात करते तो कसा, ही प्रक्रिया आम्हांस अधिक विचारार्ह वाटते.

शरीरात गेलेले डायइथिलीन ग्लायकॉल मूळ रूपात वृक्काला फारसे मारक नसते. यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर, म्हणजेच एन्झाइम, त्याचे रूपांतर आरंभते. पुढील टप्पा अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे विकर पार पाडते. या मार्गाने जी आम्ले निर्माण होतात त्यांत डायग्लायकॉलिक आम्ल हे घातक होय. अमेरिकेतील लुइझियाना येथे केनेथ मॅकमार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूषकांवर केलेल्या अभ्यासात (२०१०-११) हे आम्ल रक्तापेक्षा वृक्काच्या ऊतीत कितीतरी पटींनी अधिक साठलेले आढळले. त्याच गटाने पुढे मानवी वृक्कनलिकांच्या पेशींवर प्रयोग केले. हे आम्ल पेशीतील सक्सिनेट डिहायड्रोजिनेज या तिसऱ्या विकराचे कार्य रोखते, ऊर्जानिर्मिती खुंटते आणि पेशी मरते, असे त्यांत दिसून आले.

आपल्या लेखनात विकरांस सरसकट अग्नी म्हणण्याची प्रथा पडली आहे. ही तुलना अध्यापनास सोयीची असली तरी येथे ती तोकडी पडते. मंदाग्नीतून आम, आमातून व्याधी, हा क्रम आपण शिकतो व शिकवतो. या बालकांच्या यकृतातील विकरे मात्र मंद नव्हती. ती आपले काम यथास्थित करीत होती आणि त्या निर्दोष कार्यातूनच विष उपजत होते. गरविषाशी साम्य दाखविण्याचा मोहही होतो. पण गर हे द्रव्यसंयोगाने बनते, हे देहाच्या स्वतःच्या पचनव्यापाराने बनले. जुन्या चौकटीत ओढूनताणून बसविण्यापेक्षा भेद मान्य करणे आम्हांस श्रेयस्कर वाटते.

विष पहिल्या विकराच्या कार्यातून निर्माण होत असेल, तर ते विकर अडविल्यास वृक्क वाचावा. मूषकांत तसेच घडले : फोमेपिझोल हे विकररोधक दिल्यावर मोठ्या मात्रेतही वृक्कहानी टळली. मद्यार्कही याच विकरासाठी स्पर्धा करतो. यावरून कोणी आसवारिष्टाचा चमचा बालकास पाजण्याचा विचार करील, म्हणून स्पष्ट लिहितो : तो सर्वथा अयोग्य आहे. या उपायांची मात्रा व देखरेख अतिदक्षता विभागातच शक्य असते. शिवाय आम्ल एकदा वृक्कात साठल्यावर विकर रोखून लाभ उरत नाही. मग डायलिसिसचाच आधार. मूत्र बंद होईपर्यंत ही संधी बहुधा निघून गेलेली असते.

असा प्रसंग पहिला नव्हे. १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रव्यात विरघळविलेल्या सल्फानिलामाइडने शंभरावर बळी घेतले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला.

आपणांपैकी अनेकजण कासहर सिरप लिहून देतात, काहीजण स्वतः तयारही करवून घेतात. वनौषधी निर्दोष असली तरी ती ज्या ग्लिसरीनमध्ये वा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळली जाते त्याची शुद्धता तपासली गेली काय, हे उत्पादकास विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. औद्योगिक प्रतीचे द्रव्य चालेल असे कोणी म्हणत असेल तर त्याचा माल घेऊ नये. ज्वर-कासाच्या बालकास ओकाऱ्या होत असतील, तर मातेस आधी एवढेच विचारावे : बाळाने शेवटची लघवी केव्हा केली? उत्तर आठ-दहा तासांपूर्वीचे असेल तर क्वाथ-चूर्णाच्या विचारात न रमता बालकास तत्काळ मोठ्या रुग्णालयात धाडावे आणि घरातील औषधाची बाटली, रिकामी असली तरी, सोबत द्यावयास सांगावे. बाटलीवरील बॅच क्रमांक तेथील डॉक्टरांच्या उपयोगी पडतो.