गंजलेली जुनी सायकल लांबच्या प्रवासाला चालते का? रंग मारण्याआधी या गोष्टी तपासा

आजोबांची किंवा वडिलांची काळी, उंच सायकल आजही अनेक घरांत जिन्याखाली पडून असते. गंज पाहून ती थेट भंगारात जाते, नाहीतर हौसेने रंग मारून लगेच रस्त्यावर येते. दोन्ही निर्णय घाईचे ठरू शकतात. आधी गंज नेमका कुठे आहे ते बघायला हवं.

फ्रेम वाचेल का?

या सायकलींची फ्रेम पोलादी असते. पॉलिश पेपरने घासल्यावर खाली चकचकीत धातू लागला, तर गंज वरवरचा आहे. खड्डे पडले असतील, पापुद्रे सुटत असतील, तर नळी पातळ झालेली असू शकते. पायडलचा एक्सल बसतो त्या नळीत पाणी साचतं, म्हणून सायकल उलटी करून ती जागा नीट बघा. मग फ्रेमचे जोड आणि पुढचं चाक धरणारा चिमटा तपासा. चिमट्याला चीर असेल तर तो बदला. फ्रेमलाच चीर असेल तर त्या सायकलवर प्रवास नको.

सीटचा दांडा अडकला असेल तर हातोडा मारू नका. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, मग दांडा फिरवून काढा.

काय बदलायचं?

पायडलच्या एक्सलमधले, दोन्ही चाकांतले आणि हँडलखालचे छर्रे काढून टाका. वाट्या आणि कोन रॉकेलने धुवा, खड्डे नसतील तर ठेवा. नवे छर्रे आणि ग्रीस यांचा खर्च फार नसतो.

चेनसाठी १२ इंची पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो दीड मिलिमीटर पुढे असेल तर चेन बदला. ३ मिलिमीटर पुढे असेल तर दातेही झिजलेले असू शकतात.

सामानाचा भार मागच्या चाकावर येतो. गंजलेल्या तारा तिथेच तुटतात, म्हणून मागच्या सगळ्या तारा नव्या घाला आणि कारागिराकडून चाकाचा आऊट काढून घ्या.

टायर घेताना फसगत का होते?

‘२८ इंची’ नावाचे टायर एकाच मापाचे नसतात. जुन्या काळ्या सायकलींच्या २८ बाय दीड टायरच्या बाजूवर बहुतेक वेळा ६३५ हा आकडा असतो. नव्या सायकलींचा ७००सी टायरही कधी २८ इंची म्हणून विकला जातो, पण त्याचं माप ६२२ असतं. तो या रिमवर बसत नाही.

घाटात काय होईल?

खरा धोका ब्रेकचा आहे. क्रोम केलेली पोलादी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरतात आणि सायकल थांबायला बरंच जास्त अंतर लागतं. त्यामुळे नवे रबर घातले तरी पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंधा उतरायला ही सायकल नेऊ नका.

चढासाठी मात्र सोपा उपाय आहे. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. मागे २२ दातांचं फ्रीव्हील लावलं की ते दोनदाच फिरतं. वेग कमी होतो, पण गुडघ्यांवरचा ताणही कमी होतो. चेनची लांबी तेवढी जुळवून घ्यावी लागते.

निघायचं कधी?

रंग सगळ्यात शेवटी. गंज काढलेल्या जागी आधी रेड ऑक्साइड प्राइमर द्या. मग पूर्ण सामान बांधून घराजवळच २०-३० किलोमीटर चालवा. परत आल्यावर नट, तारा, कॉटर पिना पुन्हा तपासा. काहीच सैल झालं नसेल, तर कोरड्या हंगामात, सपाट रस्त्यावर पहिल्या मुक्कामाचा बेत करायला हरकत नाही.